मूल्यवर्धित कराची वसुली आणि कायद्याची शब्दयोजना

एखादा देश मूल्यवर्धित कर कितपत कार्यक्षमतेने वसूल करतो, हे मोजण्याची अर्थशास्त्रज्ञांची एक रूढ रीत आहे. देशातील सर्व उपभोगखर्चावर प्रमाण दराने कर आकारला असता जी रक्कम आली असती, तिच्याशी प्रत्यक्ष जमा झालेल्या रकमेचे प्रमाण काढावयाचे. न्यूझीलंडमध्ये हे प्रमाण एकाच्या अगदी जवळ जाते. प्रगत देशांची सरासरी निम्म्याहून थोडीच अधिक भरते. ही तफावत पाहिली की करबुडव्या व्यापाऱ्याकडे व ढिल्या अधिकाऱ्याकडे बोट दाखविण्याचा मोह होतो. त्यांचा वाटा नाही असे नव्हे. परंतु तिचा मोठा भाग कायदा लिहिला जातो त्याच वेळी निश्चित झालेला असतो.

न्यूझीलंडने १ ऑक्टोबर १९८६ रोजी शेकडा १० दराने हा कर बसविला. २०१० पासून तो दर १५ आहे. तेथे अन्न, कपडे, पुस्तके यांपैकी काहीच वगळले नाही. गरिबांवरील भाराचा विचार आयकर व कुटुंबसाहाय्य यांत फेरफार करून वेगळा झाला. ब्रिटनने १९७३ मध्ये नेमका उलट मार्ग धरला. बहुतेक खाद्यपदार्थांना शून्य दर, मात्र चॉकलेट लावलेल्या बिस्किटाला पूर्ण कर, आणि केक पुन्हा शून्यात. परिणामी ‘जाफा केक’ हा केक की बिस्किट, हा प्रश्न १९९१ मध्ये न्यायाधिकरणापुढे गेला. शिळा झाल्यावर केक कडक होतो, बिस्किट मऊ पडते, हाही मुद्दा तेथे विचारात घेतला गेला. तो केक ठरला आणि त्यावरील कर टळला.

या प्रकाराला हसण्याचा अधिकार भारतीयांस नाही. वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ रोजी आला. त्यात चपाती-रोटीला शेकडा ५ दर होता. गरम करून खावयाचा तयार परोटा हा रोटी नव्हे, म्हणून त्यास १८, असे व्यवहारापूर्वी दर ठरवून देणाऱ्या कर्नाटकातील प्राधिकरणाने २०२० मध्ये ठरविले. अखेर २२ सप्टेंबर २०२५ पासून रोटी, पराठा व कोणत्याही नावाच्या तत्सम पोळ्या शून्यावर आल्या.

परंतु हे शून्य ब्रिटनमधील शून्य नव्हे. तेथे शून्य दराचा विक्रेता कच्च्या मालावर भरलेला कर परत मागू शकतो. भारतात तो हक्क मुख्यत्वे निर्यातीस आहे. देशांतर्गत ‘शून्य’ ही कायद्याच्या दृष्टीने करमुक्ती होय, आणि करमुक्त मालाच्या उत्पादकास वजावट मिळत नाही. तुपावर, वेष्टनावर दिलेला कर पराठ्याच्या किमतीतच मुरतो. व्यवहारात समानार्थी वाटणारे हे दोन शब्द हिशेबात एकमेकांच्या विरुद्ध जातात.

म्हणूनच वरील प्रमाणाचा आकडा जपून वाचावयास हवा. वजावट नाकारली, किंवा निर्यातदारांचा परतावा अडवून धरला, तरीही जमा वाढते व तो आकडा चढतो. त्या चढत्या आकड्यात व्यापाऱ्याचे अडकलेले पैसेही मोजलेले असतात.