गोंदलेल्या हाताला नर्स होता येतं का?

मैत्रिणींनो, आपल्या आज्यांच्या कपाळावर, हनुवटीवर, हातावर गोंदण असायचं. मेल्यावर सोबत येणारा एवढाच दागिना, असं त्या म्हणत. आता लेकी जत्रेत मशीनवर नाव गोंदून घेतात, अन् आपल्याला घोर लागतो: हिला नर्स, डॉक्टर होता येईल का?

येईल. जालन्यात 2024 पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे. तिथला प्रवेश नीटच्या गुणांवर होतो, गोंदण बघून नाही. अडतं ते सैन्यात. पुण्याचं सैनिकी मेडिकल कॉलेज असो की सैन्यातली नर्सची नोकरी, गोंदण चालतं ते कोपरापासून मनगटापर्यंत आतल्या बाजूला आणि पंजाच्या पाठीवर, गळ्यावर नाही. आदिवासी मुलींना त्यांच्या रूढीप्रमाणे सवलत आहे. खासगी दवाखान्यात मात्र मालकाची मर्जी. मुलाखतीला लांब बाह्या बऱ्या!

कामावर बाह्या वर सारून हात धुवावे लागतात. जुनं गोंदण त्याच्या आड येत नाही, ओली जखम येते.

आम्हाला खरी भीती सुईची वाटते. एकीची सुई दुसरीला टोचली तर बी आणि सी प्रकारची कावीळ, एचआयव्ही पसरू शकतो. गोंदल्यावर वर्षभर रक्तदान करता येत नाही, ते याचमुळे. लेक ऐकतच नसेल तर सोबत जा, अन् नव्या सुईचं पाकीट डोळ्यांसमोर फोडायला लावा.