मातृत्व, अपंगत्व आणि स्त्रीदेहावरील परका अधिकार

विरार ते चर्चगेट या मार्गावरील उपनगरी गाड्यांत अपंगांसाठी जो स्वतंत्र डबा असतो, त्यातून गर्भवती स्त्रियांनाही प्रवासाची मुभा आहे. सोयीच्या दृष्टीने ही व्यवस्था उचितच होय. परंतु त्या एकाच डब्यात बसणाऱ्या दोन देहांकडे समाज ज्या दृष्टीने पाहतो, तीत महदंतर आहे. गर्भवतीची ओटी भरली जाते, तिचे डोहाळे पुरविले जातात. अपंग स्त्रीच्या वाट्यास करुणा येते. हीच अपंग स्त्री गर्भवती झाली, म्हणजे करुणेची जागा बहुधा संशय घेतो. मूल न होणारीला वांझ म्हणून हिणविणारा समाजच अपंग स्त्रीला मूल होऊ नये याची तजवीज करतो.

या तजविजीचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण १९९४ चे आहे. त्या वर्षी फेब्रुवारीत शिरूर (जि. पुणे) येथील शासकीय संस्थेतील काही मतिमंद मुलींची (हा शब्द त्या काळच्या व्यवहारातला) गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात शस्त्रक्रियेने काढण्यात आली. मुलींना मासिक पाळीच्या वेळी स्वच्छता राखता येत नाही, तसेच अत्याचार घडल्यास गर्भधारणेचे संकट टळेल, अशी कारणे पुढे करण्यात आली. स्त्री-संघटनांनी तीव्र विरोध केल्यावर हा उपक्रम थांबला. यांतील पहिले कारण वस्तुतः पाणी, कापड व सेविका यांच्या तुटवड्याचे आहे; त्यावर शस्त्रक्रिया हा उपाय नव्हे. दुसरे कारण अधिक गंभीर म्हटले पाहिजे. गर्भाशय काढल्याने अत्याचार टळत नाही, केवळ त्याचा पुरावा नाहीसा होतो. संस्थेने ज्या धोक्यापासून मुलींना राखावयाचे, तो धोका गृहीत धरून मुलींच्याच देहावर शस्त्र चालविले गेले.

हा विचार एकट्या महाराष्ट्राचा नव्हे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२७ साली 'बक विरुद्ध बेल' या खटल्यात सक्तीच्या निर्बीजीकरणास मान्यता दिली होती.

भारतीय कायद्याची वाटचाल निराळ्या दिशेने झाली. गर्भपातविषयक १९७१ च्या अधिनियमात २००२ साली दुरुस्ती होऊन 'मनोरुग्ण' या संज्ञेतून मतिमंदत्व वगळण्यात आले. अर्थात प्रौढ मतिमंद स्त्रीऐवजी पालकाची संमती पुरेशी राहिली नाही. या भेदाच्या आधारेच सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली, चंदिगढच्या शासकीय आश्रयगृहात अत्याचारातून गर्भवती झालेल्या तरुणीचा गर्भ तिच्या संमतीविना पाडण्यास नकार दिला. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या अधिनियमाने मुक्त व माहितीपूर्ण संमतीविना वंध्यत्व आणणाऱ्या वैद्यकीय प्रक्रियेस मनाई केली.

जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर एका सत्तावीस वर्षांच्या अविवाहित मुलीचा गर्भपात करण्याची परवानगी तिच्या वडिलांनी मागितली. तिची बुद्धिमत्ता सरासरीहून काहीशी कमी, एवढ्यावरून तिला आई होण्याचा अधिकार नाही काय, असा प्रश्न न्यायालयाने केला. मात्र संबंधित पुरुष विवाहास तयार आहे काय, याची विचारणा करण्यासही पालकांना सांगण्यात आले. मातृत्वाचा हक्क मान्य करतानाही विवाहाचा आधार शोधला गेला, ही गोष्ट लक्षणीय होय.

शिवाय २०१६ च्या अधिनियमात एक अपवाद आहे. तीव्र दिव्यांगत्व असल्यास, वैद्यकीय मत घेऊन पालकाच्या संमतीने गर्भपात करता येतो. शिरूरसारख्या संस्थेतील अनाथ स्त्रीच्या बाबतीत असा पालक म्हणजे पुष्कळदा ती संस्थाच असते.