अंगणातील ब्रह्मकमळ

श्रावणातील एखाद्या रात्री खेड्यातील घरापुढे शेजारीपाजारी गोळा झालेले दिसतात. अंगणातील ब्रह्मकमळ उमलणार असते. तिन्हीसांजेला मिटलेली कळी आठ-नऊच्या सुमारास सैल होऊ लागते आणि मध्यरात्रीपर्यंत शुभ्र फूल पूर्ण उमलून अंगणभर सुवास दरवळतो. घरातील वडीलधारी स्त्री त्यास हळदकुंकू वाहून निरांजन ओवाळते. पहाटे तेच फूल मान टाकते.

हे फूल हिमालयातील, अशी सार्वत्रिक समजूत आहे. ती बरोबर नाही. हिमालयातील ब्रह्मकमळ हे उत्तराखंडाचे राज्यपुष्प असून केदारनाथ-बद्रीनाथास देवाला वाहिले जाते. ते आपल्या करडईच्या नात्यातील आहे. सुमारे ३,७०० मीटरहून अधिक उंचीवर, थंड प्रदेशात ते वाढते. आपल्याकडील उष्ण हवेत ते तगणार नाही.

आपल्या अंगणातील झाड मूळचे मेक्सिको व ग्वाटेमालाकडील, निवडुंगाच्या कुळातील आहे. तेथील रानात ते मोठ्या वृक्षांच्या फांद्यांवर वाढते, परंतु बांडगुळाप्रमाणे वृक्षाचा रस शोषीत नाही. आपण ज्यास पान म्हणतो ते वस्तुतः चपटे खोड होय. म्हणूनच कळी त्याच्या कडेस फुटते.

हे सांगण्यास कारण घडले. गेल्या पावसाळ्यात एका आठवडे बाजारात एक विक्रेता "हिमालयातून आणलेले" म्हणून याचे एकेक पान पाचशे रुपयांस विकीत होता. एका शेतकरी भगिनीने ते घेतलेही. तिच्या शेजारणीच्या परसात तेच झाड कुंपणावर माजले होते! खरा प्रकार कळल्यावर तिने विचारले, "मग आम्ही पूजा सोडायची का, साहेब?" दिवा लावण्यास माझी हरकत कशी असणार? हरकत आहे ती पाचशे रुपयांस.

लागवडीस खर्च नाही. वीतभर लांबीचा तुकडा कापून, कापलेली बाजू तीन-चार दिवस सावलीत सुकू द्यावी व पालापाचोळ्याचे कुजलेले खत मिसळलेल्या, निचऱ्याच्या मातीत लावावा. जागा अर्धवट सावलीची असावी. पाणी साचल्यास मुळ्या कुजतात. जोम धरलेले झाड एका हंगामात अनेकदा फुलते. "वर्षातून एकच रात्र" ही केवळ आख्यायिका.

पांढरा रंग व उग्र सुवास यांमुळे अंधारात हिंडणारे पतंग अशा फुलांकडे ओढले जातात. सांगली-सोलापूरकडे आता लावले जाणारे ड्रॅगन फ्रूट याच कुळातील असून त्याचेही फूल रात्रीच उमलते. त्याच्या काही जातींस दुसऱ्या जातीचे पराग लागतात. अशा बागेत फळधारणा कमी होत असल्यास रात्री अथवा भल्या पहाटे, फूल मिटण्यापूर्वी, मऊ कुंचल्याने पराग लावावेत.