१८२६चा ‘फोटो’? आधी झूम करा

व्हॉट्सॲपवर जुन्या मुंबई बंदराचं चित्र आलं आणि खाली ‘१८२६चा दुर्मिळ फोटो’ असं लिहिलेलं असेल, तर एक गोष्ट पक्की: तो फोटो नाही. फोटोग्राफी जगासमोर आली ती १८३९ मध्ये.

मग ते काय असतं? एक उदाहरण घेऊ. चित्रकार विल्यम वेस्टॉल १८०४ मध्ये मुंबईत आला होता. मुंबई बंदरावर मान्सून चालून येतोय, असं त्याचं एक चित्र कॅप्टन ग्रिंडलेच्या प्रवासचित्रांच्या पुस्तकात छापलंय. हे पुस्तक १८२६पासून लंडनमध्ये भागाभागाने निघालं. (हो, पुढच्या ग्रिंडलेज बँकेवाला तोच हा ग्रिंडले.)

छपाईचं तंत्र होतं ॲक्वाटिंट. तांब्याच्या पत्र्यावर राळेची बारीक पूड पसरायची, पत्रा तापवून ती चिकटवायची आणि मग पत्रा ॲसिडमध्ये बुडवायचा. राळेच्या कणाखालचं तांबं वाचतं, कणांच्या मधलं ॲसिड खातं. त्या खाचांत शाई बसते. फिकट हवा तो भाग वार्निशने झाकायचा, बाकीचा पुन्हा ॲसिडमध्ये. जितका वेळ जास्त, तितकी खाच खोल आणि छटा गडद. काळे ढग असेच तयार होतात.

रंग मात्र नंतर, हाताने. पेणच्या गणपतीसारखंच: साचा एक, पण डोळ्यांची आखणी प्रत्येक मूर्तीवर वेगळी. म्हणून एकाच चित्राच्या दोन प्रतींतलं आकाश वेगळं दिसू शकतं.

चांगल्या स्कॅनवर झूम केलंत की वेडेवाकडे कण दिसतात, जाळीसारखे. पिक्सेल कसे ओळीत चौकोनी असतात, तसे हे नसतात. गोची इथेच होते. फोटो ‘एन्हान्स’ करणारं एआय ॲप या कणांना नॉइज समजून पुसू शकतं आणि त्या जागी स्वतःच्या अंदाजाने दोर, शीड, चेहरे भरतं. मूळ पत्र्यावर त्यातलं काहीच नसतं!

आपल्याला काय फरक पडतो? पेणहून धरमतरच्या खाडीतून आणि रोह्याहून कुंडलिकेतून पूर्वी मचवे, गलबतं मुंबईला जायची. त्या काळात शीड कसं असायचं, हे शोधायला फोटो नाहीत; अशी चित्रंच बघावी लागतात. त्यातही चित्रकाराचं काम पत्र्यावर उतरवताना कोरणाऱ्याने थोडाफार बदल केलेला असू शकतो. पण त्याचं नाव निदान खाली असतं: बहुतेक वेळा डावीकडे चित्रकार, उजवीकडे कोरणारा, अगदी बारीक अक्षरांत. फॉरवर्ड होताना नेमकी तीच पट्टी क्रॉप होते.