'पास आउट' : एका इंग्रजी जोड-क्रियापदाचा अर्थविचार

'मी २०१८ साली पुण्याच्या महाविद्यालयातून पास आउट झालो' हे वाक्य महाराष्ट्रातील सुशिक्षित तरुणाच्या तोंडी इतके रुळले आहे की, त्यात काही विचारणीय आहे असे कोणास वाटत नाही. हेच वाक्य इंग्रजीत करून परदेशी विद्यापीठाकडे धाडावयाच्या अर्जात घातले म्हणजे मात्र अडचण उभी राहते. तेथील वाचकाच्या मनात प्रथम 'बेशुद्ध पडलो' हा अर्थ उभा राहण्याचा संभव असतो. 'महाविद्यालयातून' हे पद त्याला सावरून घेते खरे. परंतु तोपर्यंत अर्जदाराच्या इंग्रजीविषयी त्याचे मत बनून गेलेले असते. तथापि एवढ्यावरून हा प्रयोग सरसकट अशुद्ध ठरविणे न्याय्य होणार नाही.

साध्या क्रियापदास 'आउट', 'अप', 'ऑफ' यांसारखे अव्यय जोडून नवा अर्थ साधण्याची रीत इंग्रजीत फार जुनी आहे. सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत परकीयांना सर्वांत जड जाणारा भाग म्हणून ह्याच वर्गाकडे बोट दाखविले होते. 'फ्रेझल व्हर्ब' ही त्याची संज्ञा लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या १९२५ मधील ग्रंथात आढळते. संस्कृताचा परिचय असलेल्या मराठी वाचकास ही रीत अगदीच परकी वाटू नये. 'हृ' ह्या एकाच धातूपासून विहार, आहार आणि संहार असे एकमेकांशी नाते न सांगणारे शब्द केवळ उपसर्गाच्या बळावर होतात. भेद इतकाच की, संस्कृत उपसर्ग धातूच्या आधी येऊन चिकटतो, तर इंग्रजी अव्यय मागाहून येते आणि सुटे राहते.

'पास आउट' चे अर्थ वेगवेगळे होतात ते मुख्यतः 'आउट' मुळे. बेशुद्ध पडण्याच्या अर्थी ह्या अव्ययात विझण्याचा भाव आहे. दिवा विझला हे इंग्रजीत 'द लॅम्प वेंट आउट' असे सांगतात; मुष्टियुद्धातील 'नॉक आउट' आणि युद्धकाळातील 'ब्लॅक आउट' हेही त्याच कुळातले. जाणीव मालवली, असा हा अर्थ होय. उन्हाने, उपवासाने वा रक्त पाहून येणाऱ्या मूर्च्छेस 'फेंट' हेही क्रियापद चालते. पण मद्याच्या अमलाखाली निपचित पडलेल्यास 'फेंट' झाला असे कोणी म्हणत नाही, तेथे 'पास आउट' च हवे. येथेच 'आउट' च्या जागी 'अवे' पडले की माणूस मृत्यू पावतो! रुग्णाच्या नातलगांना दूरध्वनीवरून निरोप देताना अशी अदलाबदल झाली, तर ती व्याकरणाची किरकोळ चूक राहत नाही.

वाटणे हा दुसरा अर्थ विशेषतः अमेरिकेत प्रचलित आहे. तो सकर्मक असल्यामुळे कर्म मध्ये येऊ शकते. कर्म सर्वनाम असेल तर ते मध्येच यावे लागते. 'पास देम आउट' हे बरोबर, 'पास आउट देम' हे चूक.

शिक्षण पुरे करण्याचा अर्थ ब्रिटिश इंग्रजीत आहेच. मात्र तो लष्कर, पोलीस आणि तत्सम प्रशिक्षणापुरता मर्यादित आहे. मराठी वृत्तपत्रे ज्याला 'दीक्षान्त संचलन' म्हणतात, तो समारंभ इंग्रजीत 'पासिंग आउट परेड' होय. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत तो वर्षातून दोनदा होतो. २०२५ च्या मे महिन्यात तेथून १७ महिला छात्रांची पहिली तुकडी बाहेर पडली. देहरादूनच्या भारतीय सैनिकी प्रबोधिनीत संचलनाच्या अखेरीस छात्र 'अंतिम पग' टाकून पुढे जातात. 'आउट' चा वाच्यार्थ असा डोळ्यांसमोर घडताना क्वचितच दिसतो.

छावणीतील हा प्रयोग भारतात महाविद्यालयांत स्थिरावला, त्याला आपल्या भाषांनीही हातभार लावला असावा. मराठीत विद्यार्थी महाविद्यालयातून 'बाहेर पडतो'. 'उत्तीर्ण' ह्या शब्दाचाही मूळ अर्थ 'पार गेलेला' असाच आहे. तेव्हा 'पास' म्हणजे उत्तीर्ण होणे आणि 'आउट' म्हणजे बाहेर पडणे, अशी जुळणी मराठी मनाने सहज केली असल्यास नवल नाही. नोकरीच्या जाहिरातींत '२०२४ पासआउट' असे त्याचे नामही झाले आहे. भारतीय इंग्रजीत आणि मराठी बोलण्यात ह्या प्रयोगाला आता आपले स्थान आहे. ते नाकारणे हा निव्वळ हट्ट होय. त्याला हसणाऱ्या पुष्कळांना लष्करी प्रयोगाची माहिती नसते, हेही खरे.

अर्जाची गोष्ट वेगळी, कारण तेथे वाचक परका असतो. पदवीसाठी 'ग्रॅज्युएट' हे क्रियापद सर्वत्र समजते. मात्र दहावी उत्तीर्ण झाल्याचे सांगताना ते वापरू नये. ब्रिटनमध्ये ते प्रायः विद्यापीठीय पदवीपुरतेच राखलेले आहे. तेथे 'आउट' गाळून परीक्षेच्या नावासह नुसते 'पास' लिहिले तरी पुरते.