ढग येतात, पण बरसत का नाहीत?

आषाढात आमच्या वसतिगृहाच्या अंगणात मुले वर पाहत उभी असतात. पश्चिमेकडून ढग येतात, माथ्यावरून निघून जातात आणि जमीन कोरडीच राहते. “सर, पाणी वर आहे, मग खाली का येत नाही?” हा प्रश्न आम्हांला दरवर्षी विचारला जातो. आम्ही इतिहासाचे शिक्षक. तरी कारण शोधल्यावाचून उत्तर देऊ नये, ही या शाळेची शिस्त.

सोलापूर पर्जन्यछायेत आहे, हे अर्धे उत्तर. उरलेले अर्धे हवेतील अदृश्य कणांत आहे. धूळ, धूर, मीठ यांच्या कणांभोवती बाष्प जमून ढगातील जलबिंदू तयार होतात. एकेकाचा व्यास मिलिमीटरच्या सुमारे पन्नासाव्या भागाइतका. पावसाचा एक थेंब होण्यास असे सुमारे दहा लाख बिंदू एकत्र यावे लागतात.

ते येणार कसे? धुराचे अतिसूक्ष्म कण हवेच्या रेणूंचे धक्के खात सैरावैरा फिरतात, आदळतात, चिकटतात. पोलिश शास्त्रज्ञ स्मोलुचोव्स्की यांनी 1916 च्या सुमारास याचे गणित मांडले : कण दुप्पट झाले की टकरी चौपट. जलबिंदू मात्र त्यामानाने जड. त्यांची गाठ पडते ती खाली येताना. सारे एकाच आकाराचे असतील तर एकाच गतीने उतरतात, कोणी कोणाला गाठत नाही. एखादा मोठा असला, तर तो वाटेतल्या लहानांना पोटात घेत वाढतो व अधिक वेगाने कोसळतो. हवेत धूळधूर फार झाला की तेच बाष्प असंख्य कणांत वाटले जाते; सारे बिंदू लहानच राहतात आणि ढग न बरसता विरतो.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने 2018 व 2019 च्या पावसाळ्यांत सोलापूर परिसरात याच मर्मावर बोट ठेवले. विमानातून ढगांच्या तळाशी कॅल्शियम क्लोराइडचे, ओलावा झटकन शोषणारे कण सोडले. हेतू हा, की काही बिंदू इतरांहून मोठे व्हावेत. एकूण 276 ढग अभ्यासले, त्यांतील काही तुलनेसाठी तसेच ठेवले. 2023 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले : वाऱ्याच्या दिशेने शंभर चौरस किलोमीटर क्षेत्रात सरासरी 18 टक्के अधिक पाऊस. लोक याला ‘कृत्रिम पाऊस’ म्हणतात. आम्हांला तो शब्द पटत नाही. निरभ्र आकाशापुढे विमानही हतबलच.

यंदा आठवीच्या मुलांनी अंगणात पर्जन्यमापक बसविला आहे. रोज सकाळी साडेआठला ती नोंद घेतात. वहीच्या पहिल्या दोन पानांवर बहुतेक शून्येच आहेत.