बहात्तराव्या हिश्श्याचे विमान

प्लास्टिकच्या सुट्या भागांतून विमानाची पहिलीच प्रतिकृती उभी करू पाहणाऱ्याने खोका उघडण्यापूर्वी एक आकडा मनाशी पक्का करावा, आणि तो म्हणजे ७२. या छंदात १:७२ हे प्रमाण फार रूढ आहे. फूट-इंचांच्या मोजमापात सहा फुटांस एक इंच हा त्याचा सोपा हिशेब असून, त्यानुसार सहा फूट उंचीचा वैमानिक एका इंचाचा होतो आणि ३६ फूट १० इंच पंखविस्ताराचे स्पिटफायर सुमारे साडेपंधरा सेंटिमीटरांत सामावते. परंतु आकार लहान झाला म्हणून उणीव लहान होत नाही. जोडावर राहिलेली पाव मिलिमीटरची फट खऱ्या विमानावर १८ मिलिमीटरांची होईल आणि तीत माणसाचे बोट शिरेल. रंगाचा दशांश मिलिमीटर जाडीचा थर तेथे सात मिलिमीटरांचा लेप ठरेल. पाहणाऱ्याचा डोळा हा गुणाकार नकळत करीत असतो, आणि म्हणूनच करणाऱ्याने तो आधी जाणून करावा, एवढेच या लेखाचे मुख्य सांगणे आहे.

५ मार्च १९३६ रोजी रेजिनाल्ड मिचेल यांच्या आराखड्यावरून घडलेल्या स्पिटफायरने इंग्लंडमधील ईस्टली येथून प्रथम उड्डाण केले, आणि त्याच वर्षी त्याच देशात फ्रॉग या खेळण्यांच्या व्यवसायाने प्लास्टिकचे सुटे भाग जोडून करावयाच्या न उडणाऱ्या विमानांची मालिका बाजारात आणली. उडता न येणाऱ्या पक्ष्यावरून तिला पेंग्विन हे नाव देण्यात आले होते. तिच्या भागांसाठी वापरलेले सेल्युलोज ॲसिटेट हे त्या काळचे प्लास्टिक कालांतराने वाकत असे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात १:७२ या प्रमाणास सरकारी कामगिरीही लाभली, कारण १९४२ साली अमेरिकेच्या नौदलाने शत्रूमित्रांची विमाने ओळखण्याच्या शिक्षणासाठी शाळकरी मुलांकडून याच मापाच्या पाच लाख लाकडी प्रतिकृती मागविल्या होत्या. युद्धानंतर पॉलिस्टायरीन आले, साच्यातून अचूक भाग निघू लागले, आणि १९५३ च्या सुमारास एअरफिक्सने लहानसे स्पिटफायर विक्रीस आणल्यावर हा छंद सामान्य मुलांच्या खिशाला परवडू लागला.

नवशिक्याने स्पिटफायरच घ्यावे असे मी आग्रहाने म्हणेन. एक इंजिन, एक आसन आणि एकच पंखजोडी असल्यामुळे भाग मोजके असतात. शिवाय लंबवर्तुळाकार पंखांची ती रेषा इतकी डौलदार आहे, की ती हातून साकारताना मन कंटाळत नाही. मराठी वाचकास एक जवळचा धागाही येथे सापडेल. १९४० साली इंग्लंडचा दक्षिण किनारा राखणारी, स्पिटफायर विमाने वापरणारी १५२ क्रमांकाची तुकडी निजामाच्या देणगीमुळे ‘हैदराबाद’ हे नाव मिरवीत होती आणि तिच्या बोधचिन्हावर निजामाची दस्तार होती. मराठवाडा त्या वेळी निजामाच्या अमलाखाली होता, हे ध्यानी घेतले म्हणजे तिच्या विमानांवरील ‘यूएम’ ही अक्षरे आपल्याला अगदीच परकी वाटत नाहीत. हीच तुकडी पुढे ब्रह्मदेशाच्या आघाडीवरही लढली.

खोक्यात सर्व भाग एका चौकटीला बारीक देठांनी जोडलेले असतात. ही चौकट प्रथम कोमट साबणाच्या पाण्यात धुऊन सुकू द्यावी, कारण साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेल्या द्रव्याचा अंश पृष्ठभागावर असल्यास रंग धरत नाही. भाग मुरगाळून तोडू नये. देठ थोडा राखून निपरने कापावा आणि उरलेला खुंट धारदार ब्लेडने व बारीक पॉलिश पेपरने उतरवावा. गोंद लावण्यापूर्वी दोन भाग कोरडेच एकमेकांस लावून पाहण्याचा दस्तूर कधीही मोडू नये. या कामाचा गोंद वस्तुतः चिकटवीत नाही, तर प्लास्टिकची दोन्ही पृष्ठे विरघळवितो, त्यांचे द्रव एकमेकांत मिसळते आणि द्रावक उडून गेल्यावर दोहोंचे एकच प्लास्टिक होते. म्हणूनच तो थेंबभरच पुरतो, आणि म्हणूनच जोडाच्या कडांवर आधी रंग लागला असेल तर तो खरवडून काढावा लागतो. खिडकी उघडी ठेवावी आणि जवळपास ज्योत नसावी, ही सावधगिरी द्रावकाशी संबंध येणाऱ्या प्रत्येक कामात जरूर आहे.

रंगकाम जोडणीनंतर सुरू होते, हा समज चुकीचा आहे. वैमानिकाची कोठडी, तिचे आसन आणि उपकरणांची पाटी ही धडाचे दोन अर्ध मिटण्यापूर्वीच करड्या हिरव्या रंगाने रंगवावी लागतात, कारण मिटल्यानंतर तेथे कुंचला पोहोचत नाही. धड मिटले, की पंख बसवावे. स्पिटफायरचे पंख मुळापासून टोकाकडे सुमारे सहा अंश वर उचललेले असतात, आणि दोन्ही बाजूंचा हा कोन सारखा नसेल तर पुढील सारी मेहनत वाया जाते. यास्तव गोंद पूर्ण सुकेपर्यंत पंखांच्या टोकांखाली सारख्या उंचीचे आधार ठेवावे आणि विमान समोरून, डोळ्यांच्या पातळीवर धरून पुन्हा पुन्हा पाहावे.

त्यानंतर सांधे बेमालूम करण्याचे काम येते, आणि या कलेचा खरा कस येथेच लागतो असे मला वाटते. फटीत पुट्टी भरावी, ती कडक झाल्यावर वॉटर पेपर पाण्यात भिजवून आधी जाडसर आणि मग अधिकाधिक बारीक अशा क्रमाने घासावी, आणि मग करड्या अस्तराचा एक पातळ हात द्यावा. अस्तर हे निःपक्षपाती परीक्षक आहे. रंगीत प्लास्टिकवर डोळ्याला न दिसलेला प्रत्येक ओरखडा आणि प्रत्येक खाच ते एकाच छटेखाली उघडी करते. दोष दिसला, की मागे जाऊन पुन्हा भरावे आणि पुन्हा घासावे.

रंग देताना फिक्याकडून गडदाकडे जावे. १९४० च्या उन्हाळ्यातील स्पिटफायरच्या पोटाला फिकट हिरवट असा ‘स्काय’ रंग असे, तर पाठीवर मातकट तपकिरी आणि गडद हिरवा यांचे वळणदार पट्टे असत. एकाच जाड हातात पृष्ठभाग झाकण्याचा मोह आवरून, दुधाइतक्या पातळ केलेल्या रंगाचे दोन-तीन हात, मधल्या काळात पूर्ण सुकू देत, एकाच दिशेने द्यावेत. पहिला हात विटका आणि डागाळलेला दिसतो, पण तेवढ्याने खचू नये. पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग नवशिक्यास सोयीचे असतात. एनॅमल कुंचल्याने अधिक सलग पसरते, मात्र आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत सावकाश वाळते, तेव्हा त्यासाठी कोरडे दिवस निवडावेत. आणखी एक सूक्ष्म गोष्ट आहे. हातभर अंतरावरून पाहिलेली प्रतिकृती म्हणजे बहात्तर हात दूरचे विमान होय, आणि दूरची वस्तू मधल्या हवेमुळे किंचित फिकी भासते. म्हणून जाणते कारागीर मूळ रंगात पांढऱ्याचा अल्प अंश मिसळतात.

राष्ट्रचिन्हांची वर्तुळे व अक्षरे पाण्याने सुटणाऱ्या डिकॅलच्या रूपाने मिळतात. मंद पृष्ठभागाच्या खडबडीत कणांत हवा अडकून डिकॅलखाली चांदीसारखे डाग उमटतात, म्हणून आधी तकतकीत व्हार्निशचा हात द्यावा, डिकॅल बसवावेत आणि शेवटी मंद व्हार्निशने सारे एकजीव करावे. वैमानिकाच्या कोठडीवरचे पारदर्शक झाकण लावण्यास सुपरग्लू वापरू नये, कारण त्याच्या वाफेने पारदर्शक प्लास्टिक धुरकटते. सुकल्यावर पारदर्शक होणारे फेव्हिकॉल येथे उत्तम.

उरते ती डोलकाठीपासून शेपटीपर्यंत ताणलेली बिनतारी यंत्रणेची तार. केसाचा उपयोग करावा तर तोही या प्रमाणात पाच मिलिमीटर जाडीचा होतो! उरलेल्या चौकटीचा तुकडा मेणबत्तीवर मऊ करून, ज्योतीबाहेर आणून झटकन ताणला असता केसाहूनही बारीक तंतू निघतो, आणि तोच येथे लावावा. अर्थात मेणबत्ती पेटविण्यापूर्वी गोंद व रंगाच्या बाटल्या दूर नेऊन ठेवाव्या.

यानंतर पुष्कळांना १९६५ च्या युद्धात नाव कमावलेले आपले नॅट खुणावते. हिंदुस्थान एरोनॉटिक्सने बंगळूरला बांधलेले हे विमान बहात्तराव्या हिश्श्यात जेमतेम सव्वानऊ सेंटिमीटर पंखविस्ताराचे असल्याने सोपे वाटते. पण त्याच्या चंदेरी धातुरंगाखाली पॉलिश पेपरचा एकही ओरखडा लपत नाही, म्हणून मातकट-हिरव्या रंगातील एक-दोन विमाने हातून झाल्यावरच ते घ्यावे.